रेडिओचा मायना

या सदरात आम्ही बहुधा घरातल्याच वस्तूंविषयी लिहितो. रेडिओविषयी लिहावे असे पुष्कळ दिवस मनात होते. परंतु रेडिओ म्हटला की आठवणींचा पूर लोटतो आणि मूळ विषय वाहून जातो, ही धास्ती असे. आज मात्र रेडिओवर काय ऐकू येई, यापेक्षा रेडिओ आपले कसे ऐकतो, हे सांगावयाचे आहे. गोष्ट आमच्या शेजारच्या तात्यांची आहे.

रामबागेतील मराठी घरांतून दिवाणखान्यात रेडिओ असावा आणि त्यावर भरतकामाचा रुमाल असावा, हा एके काळचा शिरस्ता. गच्चीवर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली असे. बटण फिरविल्यावर नळ्या तापेपर्यंत सर्वांनी गप्प बसावयाचे. मग हिरवा डोळा हळूहळू मिटत आला म्हणजे केंद्र नीट लागले असे समजावयाचे. पुणे केंद्रावरून गीतरामायण १ एप्रिल १९५५ रोजी सुरू झाले आणि त्याच वर्षी २२ मे रोजी इंदूरचे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. म्हणजे मालवा हाऊसमधून आवाज येऊ लागण्यापूर्वीच आमच्या घरांतून दूरची केंद्रे शोधण्याची सवय जडलेली होती. बुधवारी रात्री आठला सिलोनवर बिनाका गीतमाला, शनिवारी रात्री संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, आणि एरवी अंधार पडला की मुंबई. मध्यम लहरींचे दिवसा वातावरणाच्या वरच्या थरांत शोषण होते, सूर्यास्तानंतर ते कमी होते, म्हणून मुंबई इंदूरला रात्रीच यावयाची. मराठी बातम्या, नाट्यसंगीत आणि ‘प्रपंच’मधील टेकाडे भाऊजी यांच्या वाटेने कित्येक घरांत मराठी नीट टिकली, असे आम्हांस वाटते. शाळा हिंदी, बाजार हिंदी. रात्री दोन तास तरी कोणी शुद्ध मराठीत बोलत असे.

तात्या मिलच्या कचेरीतून निवृत्त झालेले. २०१३ साली त्यांचे वय चौऱ्याऐंशी होते आणि दोन वर्षांपासून कंपवात जडला होता. पेला दोन्ही हातांनी धरीत, सही करणे त्यांनी सोडून दिले होते. पण त्यांचे खरे दुःख निराळेच होते. मध्यम लहरींवर केंद्रे नऊ नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने मांडलेली असतात. मुंबईचे ‘ब’ केंद्र, ज्याला पुढे अस्मिता वाहिनी हे नाव मिळाले, ते ५५८ वर लागे. थरथरणारे बोट ५५८ वर ठरेना. ते ५४९ वर जाई, ५६७ वर जाई, आणि मध्ये नुसती शिटी वाजे. कोणी लावून दिले तर ऐकत. पण दर वेळी सुनेला वा नातवाला हाक मारणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते. “अहो, साधी मुंबई लावायला माणूस बोलवायचे?” असे ते आम्हांस एकदा म्हणाले आणि मग महिनाभर त्यांनी रेडिओ लावलाच नाही.

तात्यांचा नातू तेव्हा इंदुरातच अभियांत्रिकी शिकत होता. त्याच्या मनात आले की आजोबांना खुंटीच फिरवावी लागू नये. एक मोठे बटण दाबले की मुंबई, दुसरे दाबले की इंदूर. कल्पना सोपी वाटते. परंतु बटणाने रेडिओला सांगावयाचे काय आणि कोणत्या भाषेत?

दुरून यंत्राला आज्ञा देण्याचा खटाटोप जुना आहे. १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी भिंतींच्या पलीकडे विद्युल्लहरी धाडून घंटा वाजविली आणि दारू उडविली. त्या प्रयोगात आज्ञा एकच होती : ‘हो’. लहर आली की घंटा वाजणार; दुसरे काही सांगण्याची सोय नाही. खुद्द रेडिओला बिनतारी हुकूम सोडणारी पेटी अमेरिकेतील फिल्को कंपनीने १९३८ साली बाजारात आणली. तिचे नाव ‘मिस्टरी कंट्रोल’. लाकडी पेटीवर टेलिफोनसारखी भोके असलेली तबकडी. ती फिरवून सोडली की पेटीतून ठोके सुटत आणि रेडिओ ते मोजी. अमुक ठोक्यांना अमुक केंद्र, अमुक ठोक्यांना आवाज वर वा खाली. शेजाऱ्याच्या पेटीने आपले केंद्र बदलू नये म्हणून निरनिराळ्या पेट्यांचे ठोके किंचित वेगळ्या लहरींवर ठेवलेले असत. आज्ञा मोजून ओळखावी आणि ती आपल्यालाच आहे याची खात्री करून घ्यावी, हे दोन्ही नियम त्या पेटीत आढळतात.

पुढे १९८०च्या सुमारास फिलिप्स कंपनीने हेच काम अदृश्य प्रकाशाच्या साहाय्याने करणारी ‘आरसी-५’ नावाची पद्धत ठरविली. चौदा बिटांचा एक निरोप. सारा निरोप सेकंदाच्या चाळिसाव्या भागात संपतो. आरंभीच्या दोन बिटांचा अर्थ ‘लक्ष द्या’, पाच बिटे पत्त्याची, सहा हुकमाची. पत्ता शून्य असला तर दूरचित्रवाणी संच ऐकणार, सतरा असला तर रेडिओ. उरलेल्या एका बिटाची आम्हांस फार गंमत वाटली. आपण बटण दाबून धरले की तोच निरोप पुनःपुन्हा जातो. मग आपण १ हा आकडा एकदाच बराच वेळ दाबला की दोनदा दाबला, हे संचाने कसे ओळखावे? म्हणून प्रत्येक नव्या दाबणीला हे एक बिट उलटते. उलटले तर नवी आज्ञा, तसेच राहिले तर जुनीच चालू. माणसांच्या बोलण्यात अशी सोय असती तर पुष्कळ घरगुती वाद मिटले असते. असो.

नातवाने प्रथम हाती घेतलेला संच मस्कतहून तात्यांच्या मुलाने पूर्वीच पाठविलेला होता. नुसती काळी पेटी. तिला खुंटी नाही, तबकडी नाही. सारा कारभार संगणकावरच्या एका कार्यक्रमातून चालावयाचा. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही. पेटी उत्तम होती. परंतु तो कार्यक्रम जुन्या संगणकापुरताच लिहिलेला होता. घरातला संगणक बदलला आणि कार्यक्रम चालेना. कंपनीने नवा काढला नाही, आणि पेटी कोणत्या आज्ञा ओळखते हे तिने कोठे छापलेलेही नव्हते. आतील एकही भाग बिघडलेला नसताना ती पेटी मुकी झाली. नातवाने महिनाभर तिच्याशी झटापट केली, नाना आकडे पाठवून पाहिले, आणि शेवटी तिला माळ्यावर नेऊन ठेवले.

दुसरा संच त्याने एका हौशी बिनतारीवाल्यांकडून वापरलेला मिळविला : जपानच्या आयकॉम कंपनीचा आर-७५. त्याच्या पाठीमागे एक लहानसे भोक होते आणि सोबतच्या माहितीपुस्तिकेत एक तक्ता होता. त्या पद्धतीचे नाव सीआय-व्ही. नातू तो तक्ता घेऊन आमच्याकडे आला, कारण तात्यांना समजावून सांगण्यासाठी त्याला मराठी शब्द सापडत नव्हते. आम्हांस इलेक्ट्रॉनिक्समधले काही कळत नाही, पण तक्ता पाहिला आणि आमच्या तोंडून निघून गेले, “अरे, हे तर पत्र आहे!”

ज्यांनी जुनी मराठी पत्रे पाहिली आहेत त्यांस हे लगेच पटेल. आरंभी श्री, मग ज्यास पत्र त्याचा मायना, मग लिहिणाराचे नाव, मग विज्ञापना, मजकूर, आणि शेवटी मोर्तब. मोर्तब म्हणजे ‘लेखनसीमा’ दर्शविणारा शिक्का. त्याच्यापुढे कोणी अक्षर वाढवू नये. सीआय-व्हीची आज्ञा याच क्रमाने जाते. तिचे आकडे सोळाच्या पटीत लिहितात, म्हणजे नवानंतर ए, बी, सी, डी, ई, एफ अशी अक्षरे येतात. ५५८ लावण्याची आज्ञा अशी :

एफई एफई ५ए ई० ०५ ०० ८० ५५ ०० ०० एफडी

पहिले दोन एफई म्हणजे श्रीकार. पुढे पत्र येत आहे ही सूचना. ५ए हा आर-७५चा पत्ता. ई० हा पाठविणाऱ्या संगणकाचा. ०५ म्हणजे ‘पुढील केंद्र लाव’. मग पाच जोड्यांत केंद्राचा आकडा, आणि एफडी म्हणजे मोर्तब. हे मोर्तब येईपर्यंत संच काही करीत नाही. पत्र पोहोचून काम झाले तर तो एफबी असे उत्तर धाडतो, म्हणजे ‘मान्य’. मजकुरात चूक असेल तर एफए, ‘अमान्य’. अकरा बाइटांचे हे सबंध पत्र जायला सेकंदाचा शंभरावा भाग लागतो.

सुरुवातीला दोन अडचणी आल्या. पहिली अशी की संच नातवाला त्याचेच शब्द परत ऐकवू लागला. जे पाठवावे ते जसेच्या तसे माघारी. तो चक्रावला. पण दोष संचाचा नव्हता. या पद्धतीत बोलणे आणि ऐकणे एकाच तारेवर चालते, त्यामुळे बोलणाऱ्याला आपला आवाजही ऐकू येतो. तो ओळखून वगळावा आणि त्यामागून येणारे उत्तर वाचावे. वाड्याच्या चौकात कोणी हाक मारली तर ती साऱ्या बिऱ्हाडांना ऐकू जाते आणि ज्याचे नाव घेतले तोच ‘ओ’ देतो, तसाच हा प्रकार. एकाच तारेवर चार संच जोडले तरी पत्त्यामुळे घोटाळा होत नाही. ०० हा पत्ता असेल तर मात्र ते पत्र ‘समस्तांस’.

दुसरी अडचण केंद्राच्या आकड्याची. ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे ५,५८,००० हर्ट्झ. त्याचे दहा आकडे केले की ०० ०० ५५ ८० ००. नातवाने ते तसेच पाठविले, आणि संच म्हणे एफए. पुन्हा पाठविले, पुन्हा एफए. संध्याकाळभर ‘अमान्य’चा जप चालला होता. तात्या पलंगावरून पाहत होते. त्यांनी कागद मागितला, थरथरत्या हाताने डोळ्यांजवळ धरला, सोबतच्या तक्त्यातील नमुना पाहिला आणि विचारले, “हे उलटे का लिहिलेय रे? आमच्या गुरुजींनी शकाचे श्लोक असे शिकवले होते. एकम आधी, सहस्र शेवटी.” शक वा संवत् शब्दांत गुंफणारी जुनी मंडळी अंक उजवीकडून डावीकडे मांडीत, हे आम्हांसही ठाऊक होते, पण ते येथे उपयोगी पडेल हे आमच्या ध्यानात आले नव्हते. तक्त्यात खरोखरच जोड्या जशाच्या तशा ठेवून त्यांचा क्रम उलटा दिला होता. नातवाने सरळ पाठविलेला आकडा संचाने उलटा वाचला होता आणि त्याला साडेऐंशी मेगाहर्ट्झवरचे काहीतरी लावावयास सांगितले जात होते. त्याची झेप साठापर्यंतच; मग तो ‘अमान्य’ म्हणेल नाही तर काय! जोड्या उलटवल्या, एफबी आले, आणि खोलीत मुंबईच्या निवेदिकेचा आवाज घुमला. तात्यांनी कागद परत दिला आणि एवढेच म्हणाले, “पुस्तिका नीट वाचावी.”

पुढचे काम लवकर झाले. महाराणी रोडवरून दारावरच्या घंटीची चार मोठी बटणे आली, जेल रोडवरून तारा आणि किरकोळ सुटे भाग आले. एका जुन्या कळफलकाच्या पोटातून चार तारा काढून त्या बटणांना जोडल्या, कळफलक जुन्या लॅपटॉपला आणि लॅपटॉप संचाला. लाकडी पाटीवर नातवाने खडूने लिहिले : मुंबई, इंदूर, जळगाव, सिलोन. तात्यांचा तळहात कितीही थरथरला तरी बटणावर पडत असे. त्या रात्री त्यांनी चारही बटणे कितीदा दाबली, ते मोजण्याच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

२०१४ साली नातवाला पुण्यास नोकरी लागली. जाण्यापूर्वी त्याने लॅपटॉप इंटरनेटला जोडून ठेवला, म्हणजे काही बिघडले तर तिकडून नीट करता यावे. संचाचा आवाजही पुण्यास ऐकू जाईल अशी व्यवस्था केली. येथे कलहाचे बीज पडले. पुण्यात मराठीचा तोटा नाही. पण मुलाला करमेना. त्याला रात्री इंदूरचे केंद्र ऐकावेसे वाटू लागले. ज्या केंद्राला तो येथे असताना कधी कान देत नसे, तेच. एके रात्री तात्या मुंबईवर नाट्यसंगीत ऐकत असताना अंतऱ्यातच रेडिओ इंदूरवर गेला. त्यांनी मुंबईचे बटण दाबले. पुन्हा इंदूर. पुन्हा बटण. तिसऱ्या खेपेस त्यांनी सुनेला हाक मारून संच बंद करविला आणि दुसऱ्या दिवशी आम्हांस बोलावून विचारले, “हा रेडिओ कोणाचा आहे?”

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्या तक्त्यात नाही. सीआय-व्हीमध्ये पत्ता आहे, मायना आहे, मोर्तब आहे. परंतु अधिकार नाही. पत्राखाली सही नसते. जो तारेवर येऊन नीट लिहील त्याचे संच ऐकतो, आणि दोघे लिहू लागले तर शेवटच्याचे. टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन यंत्रांसाठी ही पद्धत आखली, तेव्हा कुलपाची गरज कोणाला वाटली नसावी. तार इंटरनेटला जोडली की तिला कुलूप आपण घालावयाचे असते. नातवाला आम्ही फोनवर चार शब्द सुनावले. तो ओशाळला आणि त्याने नियम केला : आज्ञा फक्त तात्यांच्या बटणांची. पुण्याहून फक्त विचारावयाचे. त्यासाठी तक्त्यात ०३ हा अंक आहे. ०५ म्हणजे ‘हे लाव’, तर ०३ म्हणजे ‘काय लावले आहेस?’ संच उत्तरादाखल केंद्राचा आकडा धाडतो. आजोबा जे ऐकतील तेच आपण ऐकावयाचे, असे ठरले.

मध्यंतरी आम्ही त्या माळ्यावरच्या काळ्या पेटीविषयी पुष्कळ विचार केला. होळकरशाहीतील मोडी कागद ज्यांनी पाहिले आहेत त्यांना त्या पेटीचे दुःख कळेल. कागद शाबूत, शाई शाबूत, मजकूरही तेथेच, वाचणारा नाही. परंतु मोडी शिकविणारी पुस्तके आहेत, म्हणून मोडीला आशा आहे. यंत्राच्या भाषेचे पुस्तक कंपनीने छापलेच नाही, तर तिच्यामागे ती भाषा शिकविणार कोण? आर-७५ बनविणे पुढे बंद झाले, तरीही ज्याच्याजवळ तक्ता आहे तो आजही त्याच्याशी बोलू शकतो. जगभरच्या हौशी मंडळींनी अशा शेकडो संचांच्या भाषा गोळा करून ‘हॅमलिब’ नावाचा एक फुकट दुभाषी २००० सालापासून चालविला आहे. परंतु दुभाष्यालाही मूळ शब्द कोणीतरी सांगावे लागतात. संच विकत घेताना आम्ही आता पुस्तिकेची शेवटची पाने आधी पाहतो. दुकानदार हसतात.

२०१६च्या पावसाळ्यात तात्या गेले. दिवसकार्य आटोपून नातू पुण्यास परतला. चार दिवसांनी रात्री नऊच्या सुमारास त्याचा फोन आला, तेव्हा आम्ही त्यांच्याकडेच काकूंजवळ बसलो होतो. सवयीने त्याने संचाला ०३ विचारले होते. खोलीतल्या संचाला त्या दिवसापासून कोणी हात लावला नव्हता. फक्त आवाज पार कमी केलेला होता. उत्तर आले होते, ते त्याने आम्हांस वाचून दाखविले : ०० ८० ६४ ०० ००. आम्ही जोड्या उलटवल्या. ६४८, इंदूर.

“काका, आजोबा तर रात्री मुंबईच लावत ना?”

आम्ही काकूंना विचारले. त्या वाती वळीत होत्या. “साडेआठपर्यंत मुंबई,” त्या म्हणाल्या, “मग हे इंदूर लावून ठेवायचे. तू नऊला ऐकतोस म्हणून.”